टँकमध्ये बुडबुडे दिसले की स्किमर बदला? आधी वीस मिनिटं तो बंद करून बघा

समुद्री माशांचा टँक ठेवणाऱ्या मंडळींमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो. दुकानाच्या काउंटरवर तो ऐकू येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलला जातो, आणि नव्याने टँक लावणारा माणूस तो जसाच्या तसा पाळतो. सल्ला साधारण असा: टँकमध्ये बारीक बुडबुडे दिसत असतील तर प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) खराब आहे किंवा लहान पडतोय, तो बदलून मोठा घ्या. तोवर हवेचा नॉब आवळा, आउटलेटला स्पंज बांधा, मीठ थोडं कमी करा, अर्धं पाणी बदला आणि रात्री स्किमर बंदच ठेवा, कारण हे बुडबुडे माशांच्या कल्ल्यांत शिरून मासे मारतात.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि शेवटचं तर धोक्याचं. मी हा सल्ला एकदा पूर्ण पाळलाय, म्हणून इतकं ठामपणे लिहितेय. आमचा टँक तीनशे लिटरचा, त्यात दोन क्लाउनफिश, एक टँग आणि मूठभर कोरल. चार वर्षं नीट चाललेला टँक एका मे महिन्यात अचानक सोडा ओतल्यासारखा दिसायला लागला. मी स्पंज बांधला, नॉब आवळला, पाणी बदललं. शेवटी दुकानदाराच्या सांगण्यावरून दुप्पट क्षमतेचा नवा स्किमर आणला आणि जुना माळ्यावर टाकला. बुडबुडे होते तसेच राहिले. उलट, नव्या स्किमरने त्यांत स्वतःची भर घातली. ती का, ते पुढे येईलच.

आधी थोडक्यात स्किमरचं काम सांगते. डाळ उकळताना वर फेस येतो आणि आपण तो पळीने काढून टाकतो, तशीच ही गोष्ट. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कोरलचा चिकट स्राव यांतल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. असे रेणू हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे जाऊन चिकटतात. स्किमर पाण्यात लाखो बारीक बुडबुडे सोडून ही भेटीची जागा प्रचंड वाढवतो, आणि घाण चिकटलेला फेस वरच्या नळीतून चढून कपात जातो. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर पिवळट फेसाचे थर येऊन पडतात. समुद्र स्वतःचं स्किमिंग करतोच.

म्हणजे बुडबुडे हा स्किमरचा रोग नाही, ते त्याचं हत्यार आहे. प्रश्न इतकाच की ते स्किमरच्या बाहेर का पडताहेत. आणि बाहेर पडणारे बुडबुडे स्किमरचेच आहेत का, हा त्याच्याही आधीचा प्रश्न. तो मला कोणी विचारला नाही आणि मलाही सुचला नाही.

"टँकमध्ये बुडबुडे आहेत, म्हणजे स्किमर खराब आहे"

फक्त स्किमरचा पंप बंद करा. रिटर्न पंप, म्हणजे टँकखालच्या टाकीतून (संपमधून) पाणी परत वर टँकमध्ये ढकलणारा पंप, चालू राहू द्या. वीस मिनिटं थांबा. टँकमधले बुडबुडे नाहीसे झाले तर ते स्किमरमधून येत होते. तसेच राहिले तर स्किमरचा काही संबंध नाही आणि तुम्ही काही हजार रुपये वाचवलेत. या चाचणीला एक रुपयाही लागत नाही, तरी त्या फिरत्या सल्ल्यात तिचा उल्लेख मी कधी पाहिलेला नाही. याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

मी ती केली ती नवा स्किमर बसवून झाल्यावर, तिसऱ्या आठवड्यात. स्किमर बंद असूनही धुकं राहिलं, म्हणजे मूळ बुडबुड्यांच्या बाबतीत दोन्ही स्किमर निर्दोष निघाले. उन्हाळ्यात मी पाणी थंड ठेवायला टँकवर पंखा लावते. पंख्याने बाष्पीभवन वाढतं आणि आमच्या टँकमधून मे महिन्यात दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडतं. ही तूट टँकमध्ये दिसत नाही, कारण टँकची पातळी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जिथून जादा पाणी खाली संपमध्ये जातं त्या जागेच्या, कडेने ठरते. संपच्या बहुतेक कप्प्यांतही ती दिसत नाही, कारण तिथली पातळी मधल्या काचांनी ठरते. सगळी तूट एकाच ठिकाणी उतरते: रिटर्न पंपाच्या कप्प्यात. तिथलं पाणी पंपाच्या तोंडापर्यंत खाली आलं की वर एक छोटा भोवरा तयार होतो, पंप हवा ओढतो, त्याचं पातं ती हवा कुस्करतं आणि धुक्यासारखे बुडबुडे थेट टँकमध्ये फेकतं. मी संध्याकाळी पाणी भरायचे, रात्री सगळं ठीक दिसायचं, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पुन्हा सोडा. ही वेळ हाच पुरावा होता. मी तो तीन आठवडे डोळ्यांनी बघत होते.

रिटर्न पंपाखेरीज आणखी दोन जागा तपासा. एक म्हणजे ओव्हरफ्लोचं पाणी संपमध्ये कसं पडतं ते. नळीचं तोंड पाण्याच्या वर असेल तर धबधब्यासारखं पडणारं पाणी हवा घेऊनच बुडतं. तोंड पाण्याखाली दोन-तीन सेंटिमीटर नेलं की फरक दिसतो. दुसरी जागा म्हणजे पंप संपच्या बाहेर बसवला असेल तर त्याच्या ओढणाऱ्या बाजूचा सांधा. तिथे गळती असली तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे सांधा कोरडा ठणठणीत दिसतो आणि कोणी त्याच्यावर संशय घेत नाही. चालू पंपात त्या सांध्यावर ओलं बोट दाबून फिरवा. कुठे बुडबुडे थांबले तर गळती तिथेच.

बुडबुडे स्किमरचेच निघाले, तरीही तो खराब आहे असं नाही. नवा असेल तर तो बहुधा फक्त नवा आहे. कारखान्यातून आलेल्या प्लॅस्टिकवर आणि पंपावर तेलकट अंश असतात, आणि कोऱ्या पृष्ठभागावर समुद्री पाण्यातला तो अदृश्य चिकट थर अजून चढलेला नसतो. हे होईपर्यंत स्किमर वेड्यासारखा वागतो: कधी कप भरभरून ओततो, कधी फेसच नाही, आणि आउटलेटमधून सतत बारीक बुडबुडे. काही दिवसांपासून तीन-चार आठवड्यांपर्यंत हे चालतं. बसवण्याआधी पांढरं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात तासभर चालवून स्वच्छ पाण्याने धुतला तर हा काळ कमी होतो. माझ्या नव्या स्किमरने भर घातली ती या कारणाने. म्हणजे बुडबुड्यांवरचा उपाय म्हणून मी बुडबुड्यांचं आणखी एक कारण विकत आणलं होतं.

"लहान पडतोय, दुप्पट क्षमतेचा घ्या"

खोक्यावर लिहिलेले "पाचशे लिटरपर्यंत", "हजार लिटरपर्यंत" हे आकडे कोणत्याही एका सर्वमान्य मोजमापातून आलेले नसतात. प्रत्येक कंपनी आपापल्या अंदाजाने लिहिते.

प्रत्यक्ष मोजणी कोणी केली? अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ आणि २०१० मध्ये वेगवेगळ्या बनावटीचे स्किमर एकाच पद्धतीने तपासले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी स्किमरने काढला तो सुमारे २० ते ३५ टक्के. बाकीचा स्किमरच्या हाती लागतच नाही, कारण त्या रेणूंना बुडबुड्याला चिकटण्याचं कारणच नसतं. महागडा आणि साधा यांतला फरकही जाहिराती सांगतात तेवढा निघाला नाही. हे वाचल्यावर दुप्पट क्षमतेच्या मागे धावण्याची माझी हौस फिटली.

मोठ्या स्किमरचा एक तोटा तर मी घरी पाहिला. फेस टिकायला पाण्यात पुरेशी घाण लागते. तीन माशांच्या टँकवर रुंद नळीचा मोठा स्किमर लावला तर फेस नळीत अर्ध्यावर चढतो आणि विरून खाली बसतो. दोन दिवस कप कोरडा राहतो, तिसऱ्या दिवशी जास्त खाणं पडलं की एकदम ओततो. लोक याला बिघाड म्हणतात. तो बिघाड नाही, उपाशी राहणं आहे.

"हवेचा नॉब आवळा"

आवळला की बुडबुडे कमी होतात, हे खरं. स्किमरचं कामही तेवढंच कमी होतं. हवा हेच त्याचं साधन. ती कमी करणं म्हणजे केर उडतो म्हणून झाडायचं बंद करणं.

हात घालायचाच असेल तर दुसरीकडे घाला. संपमध्ये बसणाऱ्या स्किमरला ठरावीक खोलीचं पाणी लागतं. बहुतेक मॉडेलांत ते १५ ते २३ सेंटिमीटरच्या आसपास असतं, आणि नेमका आकडा कागदावर छापलेला असतो. तो कागद आपण खोक्याबरोबर फेकून देतो. पाणी त्याहून खोल असेल तर स्किमरच्या आतली पातळी वर चढते, नळीत फेसाऐवजी पाणी चढतं आणि कप पातळ चहासारख्या पाण्याने भरतो. यावर उपाय म्हणजे स्किमरखाली पाट देणं. अ‍ॅक्रिलिकचे तुकडे, ट्यूबलाइटच्या पॅनेलला लावतात ती प्लॅस्टिकची चौकटीची जाळी, काहीही चालतं, फक्त धातू नको. मी जाळीचे तीन थर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधून पाट केला, आणि पहिल्याच रात्री कपातलं पाणी चहावरून दाट काढ्यावर आलं.

खोली बरोबर असेल तर मग आउटलेटचा व्हॉल्व्ह. तो बंद करत नेला की आतली पातळी चढते, उघडला की उतरते. एका वेळी केसभर फिरवायचा आणि पुढच्या दिवशीच बघायचं. तासाभरात तीनदा फिरवणाऱ्याला स्किमर कधीच जमत नाही. आउटलेटचं तोंड पाण्याखाली असू द्या आणि ते रिटर्न पंपाच्या विरुद्ध दिशेला वळवा.

बुडबुडे बारीक न राहता एकदम मोठे आणि विरळ झाले असतील, तर हवेची नळी मिठाने चोंदली आहे का ते पाहा. हवा आत जाते तिथे पाण्याचे तुषार वाळतात आणि मिठाचा खडा बसतो. नळी काढून कोमट पाण्यात धुतली की झालं. पंपाच्या सुयांच्या पात्यावर (हवा कुस्करणारं, सुयांसारखे काटे असलेलं पातं) चुन्याचा थर चढला असेल तर व्हिनेगरमध्ये तासभर बुडवा. दुकानात "पंप गेला" म्हणून परत आलेल्या किती पंपांना एवढीच अंघोळ हवी असते, याचा विचार करून मला हळहळ वाटते.

"आउटलेटला स्पंज बांधा"

नव्या स्किमरच्या पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांसाठी हे चालेल. एवढ्यापुरता हा सल्ला मला मान्य आहे, पण स्पंज एक दिवसाआड काढून धुवावाच लागतो. न धुतलेला स्पंज दोन गोष्टी करतो. त्यात अडकलेली घाण तिथेच कुजते आणि नायट्रेट वाढतं. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची: स्पंज चोंदला की पाणी बाहेर पडायला अडतं, स्किमरच्या आतली पातळी चढते आणि कप ओततो. हे नेहमी रात्री होतं, कारण दिवसा आपण बघत असतो. सकाळी फरशीवर जे सापडतं त्याचा वास सांगायला नको.

स्पंजच्या जोडीला सांगतात, संपमध्ये आणखी काचा लावा, बुडबुडे त्यांत अडकतील. इथे थोडं गणित करू. ०.५ मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला साधारण ५ सेंटिमीटर वर चढतो. ०.१ मिलिमीटरचा जेमतेम अर्धा सेंटिमीटर. आता समजा तुमचा रिटर्न पंप तासाला २००० लिटर पाणी फिरवतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ५५५ घन सेंटिमीटर. संपची रुंदी ३० सेंटिमीटर आणि दोन काचांमधली फट अडीच सेंटिमीटर. त्या फटीत पाण्याचा वेग निघतो सेकंदाला ७ सेंटिमीटरच्या वर. म्हणजे पाणी खाली जाताना अर्ध्या मिलिमीटरचा बुडबुडासुद्धा त्याच्याबरोबर खाली ओढला जाईल, बारीकांची तर गोष्टच नको. फट दुप्पट केली तर वेग निम्मा होतो आणि मोठे बुडबुडे सुटायला लागतात. पंप तासाला १००० लिटरवर आणला तर आणखी निम्मा.

बुडबुड्यांना वर यायला जागा आणि वेळ हवा असतो. जवळजवळ लावलेल्या काचा दोन्ही काढून घेतात. माझ्या संपमधली एक काच मी कमी केली आणि रिटर्न पंप एक पायरी हळू केला. टँकच्या आतलं वाहतं पाणी सांभाळायला तिथले छोटे वेव्हमेकर आहेतच. अगदी बारीक धुकं यानेही पूर्ण जात नाही. ते आउटलेटपाशीच, खोली आणि व्हॉल्व्ह बरोबर लावूनच कमी होतं.

"मीठ थोडं कमी करा"

या वाक्यामागे एक खरी गोष्ट आहे. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांना भेटले की मिसळून मोठे होतात. खाऱ्या पाण्यात ते मिसळत नाहीत, बारीकच राहतात. म्हणून तर गोड्या पाण्याच्या टँकवर असला स्किमर चालत नाही. क्रेग, निनहॅम आणि पॅशली या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात वेगवेगळे क्षार घेऊन हे तपासल्याचं छापलं होतं. पण समुद्राचं पाणी हा परिणाम दिसायला लागतो त्या मर्यादेच्या कितीतरी वर असतं. घनता १.०२५ वरून १.०२२ वर आणली तर बुडबुड्यांना काही कळणारही नाही, कोरलना मात्र कळेल. बुडबुडे खरोखर मिसळायला लागतील इतकं मीठ कमी केलं तर टँकमध्ये कोरल उरणार नाहीत. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) १.०२५-१.०२६ दाखवतोय ना? मग मिठाला हात लावू नका.

"अर्धं पाणी बदला"

नुकतं कालवलेलं मीठ स्वतःच स्किमरला काही तास फेसाळवतं. त्यात नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायला कोरफडीचा अर्क किंवा 'माशांच्या त्वचेचं रक्षण' करणारं काही घातलेलं औषध वापरलं असेल तर कप मिनिटांत भरतो. मोठा पाणीबदल म्हणजे आगीत तेल.

कप एकाएकी ओतायला लागला तर टँकमधलं पाणी नव्हे, गेल्या चोवीस तासांतलं आपलं वागणं तपासा. कोरल चिकटवायला इपॉक्सी वापरली? त्याने एक-दोन दिवस फेस आवरत नाही. कोरलना कीड मारणाऱ्या द्रावणात बुडवून न धुता टँकमध्ये ठेवलं? लाल शेवाळाचं औषध टाकलं? त्यांतल्या बहुतेक औषधांनी स्किमर दिवसेंदिवस उसळतो. आणि आपल्या घरांतलं नेहमीचं कारण: आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींनी एकदा मदत म्हणून कप भांड्यांबरोबर साबणाने स्वच्छ घासला. मी त्यांना सांगितलेलंच नव्हतं. तीन दिवस स्किमर ओतत होता. कप आणि नळी नुसत्या पाण्याने आणि ब्रशने धुवायची, साबणाचा थेंबही नको.

याच्या उलटही होतं. तेलकट गोठवलेलं खाणं टाकलं किंवा हाताला क्रीम लावून टँकमध्ये हात घातला की फेस एकदम खाली बसतो आणि काही तासांनी परत येतो. तेव्हा व्हॉल्व्ह आवळून फेस वर चढवू नका. तेलाचा अंश गेला की रात्री तोच स्किमर कप ओतेल.

"बुडबुडे मासे मारतात, रात्री स्किमर बंद ठेवा"

हे मी शेवटी ठेवलं, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातात, याने मासे जातात.

माशांचा वायू-बुडबुडा रोग खरा आहे. अमेरिकेत वुड्स होल इथल्या माशांवर काम करून मार्श आणि गोरहॅम यांनी १९०५ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. पुढे १९६० आणि १९७०च्या दशकांत अमेरिकेतल्याच कोलंबिया आणि स्नेक नद्यांवरच्या धरणांखाली सामन मासे याच कारणाने मेले. पण हा रोग पाण्यात दिसणाऱ्या बुडबुड्यांनी होत नाही. पाण्यात विरघळलेला वायू प्रमाणाबाहेर वाढला की तो माशाच्या रक्तात आणि कल्ल्यांत बुडबुडे होऊन बाहेर पडतो, बाटलीचं झाकण उघडल्यावर सोडा फसफसतो तसा. धरणावरून कोसळणारं पाणी हवा घेऊन अनेक मीटर खोल जातं, तिथल्या दाबाने ती विरघळते. अमेरिकेत नद्यांसाठी या विरघळलेल्या वायूची मर्यादा, हवेच्या नेहमीच्या दाबाला पाण्यात जेवढा वायू मावतो त्याच्या ११० टक्के, अशी धरलेली आहे.

आता स्किमर पाहा. पाण्याच्या दर मीटर खोलीला दाब साधारण १० टक्क्यांनी वाढतो. २० सेंटिमीटर पाण्यात उभ्या असलेल्या, वरून उघड्या स्किमरमध्ये जादा दाब दोन टक्क्यांच्या आसपास. उंच स्किमरच्या तळाशी पाच धरा. तिथून पाणी लगेच उघड्या संपमध्ये येतं आणि जादा वायू हवेत निघून जातो. सोड्याची बाटली भरायला एवढा दाब पुरत नाही. याउलट रिटर्न पंप हवा ओढत असेल तर ती दीड-दोन मीटर उंचीच्या बंद पाइपातून दाबाखाली जाते. म्हणजे काळजी करायचीच असेल तर ती त्या पंपाची करा. आणि त्यावरचा उपाय आहे कप्प्यात पाणी भरून ठेवणं.

पांढऱ्या धुक्याचा त्रास काहीच नाही असं मी म्हणत नाही. स्पंजवर्गातल्या जिवांच्या छिद्रांत हवा अडकली तर त्यांचं नुकसान होतं. काही कोरल चिडून जास्त स्राव सोडतात. पृष्ठभागावर फुटणारे बुडबुडे मिठाचे तुषार उडवतात, ते दिव्यांवर आणि वायरींवर साचतात. वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली एक झोळ देऊन ठेवा. ही सगळी बुडबुड्यांचं मूळ शोधण्याची कारणं आहेत. रात्री स्किमर बंद करण्याचं यांत एकही नाही.

कारण रात्री काय होतं? दिवे गेले की कोरलच्या आतलं शैवाल ऑक्सिजन बनवायचं थांबतं आणि वापरायला लागतं. मासे, खडकातले जिवाणू, सगळे तोच ओढत असतात. आणि खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो: २६-२७ अंशांवर गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम, समुद्री पाण्यात साडेसहा. मे महिन्यात पाणी ३० अंशांवर गेलं की सव्वासहाच्या आत. त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरतो, आणि टँक एसी लावलेल्या बंद खोलीत असेल तर आणखीच. रात्रभर टँकच्या पाण्यात हवा खेळवणारं घरातलं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे स्किमर. पहाटे, जेव्हा ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, नेमका तेव्हा तो बंद ठेवायला सांगणारा सल्ला मासे वाचवायच्या नावाने दिला जातो. सकाळी टँग पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसला की मालक म्हणतो, बघा, बुडबुड्यांनी घात केला. मीही दोन सकाळी तेच म्हणाले होते. तिसऱ्या रात्री विसरून स्किमर चालू राहिला आणि सकाळी मासा शांत होता, म्हणून मला शंका आली. आमचा टँग वाचला, तो माझ्या विसरण्यामुळे.

स्किमर थोडा वेळ बंद ठेवायची एकच वेळ मला योग्य वाटते: वीज गेल्यावर. पंप थांबले की टँकमधलं आणि पाइपांमधलं पाणी संपमध्ये उतरतं आणि संपची पातळी दहा-बारा सेंटिमीटर चढते. वीज आल्याक्षणी स्किमर सुरू झाला तर तो त्या खोल पाण्यात सुरू होतो आणि कप ओततो. रिटर्न पंपाने पाणी वर नेऊन पातळी खाली आणेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग स्किमर. घरी कोणी नसतं त्या वेळेसाठी उशिरा सुरू होणारा टायमर मिळतो.

माळ्यावर टाकलेला माझा जुना स्किमर गेल्या वर्षी नाशिकला भाचा घेऊन गेला. चार वर्षं नीट चाललेला आणि मग महिनोन्‌महिने कोरडा पडलेला. व्हिनेगरमध्ये चालवून, सुयांचं पातं घासून त्याने तो १८ सेंटिमीटर पाण्यात, लाकडी नव्हे तर अ‍ॅक्रिलिकच्या पाटावर उभा केला. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला, "मावशी, पूर्ण टँक पांढरा झालाय, दुकानवाले म्हणतात बदल." मी त्याला आधी वीस मिनिटं पंप बंद करायला सांगितलं. बुडबुडे गेले, म्हणजे स्किमरचेच होते. मग काहीही न करता थांबायला सांगितलं, आणि ते त्याला जास्त जड गेलं. अकराव्या दिवशी पाणी स्वच्छ झालं होतं आणि कपात दोन बोटं काळा काढा.